मामांचा जांभळा उजेड

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतकी लोखंडाच्या कातडीची काळजी घेणारा माणूस सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. स्वतःच्या टाचांना भेगा पडलेल्या, मामी मलमाची डबी घेऊन मागे फिरायच्या. पण मामांचा जीव आष्ट्याच्या पत्र्याच्या शेडमधल्या यंत्रात. सैन्यातल्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते बसवलं. पुरुषभर उंचीची पोलादी टाकी. आत गिअर ठेवायचा, हवा उपसायची, थोडा नायट्रोजन आणि हायड्रोजन सोडायचा आणि वीज द्यायची. त्या विरळ वायूचा प्लाझ्मा होतो, जांभळा उजेड गिअरच्या दातादाताला बिलगतो आणि नायट्रोजन पोलादात शिरून वरचा थर टणक करतो. मी पुस्तकातला माणूस. त्यामुळे मला हे त्यांनी निदान वीस वेळा समजावलं, आणि दरवेळी मुरांबा मध्ये आला. "पाक फोडीत मुरतो बगा जावईबापू, तसं. वरनं चोपडल्यालं न्हवं."

वरून चोपडलेल्या सगळ्याच गोष्टींचा त्यांना राग. एका लग्नात नवरीचा मेकअप पाहून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "ह्यो थर दोन तासांत सुटंल," आणि मामींनी त्यांना घाईघाईनं पंगतीत नेऊन बसवलं. टाकीत ठेवण्याआधी धुतलेल्या वस्तूला उघड्या बोटानं हात लावणं तर पापच. यंत्र पाहायला आलेल्या एका बड्या साहेबांनी कौतुकानं शाफ्टवर हात फिरवला, तर मामा म्हणाले, "साहेब, तुमच्या बोटाचं तेल लागलं. आता तुमच्यासकट पुन्यांदा धुवाय लागंल."

असे हे मामा अडखळलेले मी एकदाच पाहिले. कडेगावच्या एक विधवा मावशी थोरल्या मुलाला घेऊन गुऱ्हाळाच्या चरकाचा नवा गिअर घेऊन आल्या होत्या. दर हंगामात दात झिजून चरक बंद पडायचा, तोडलेला ऊस वाळायचा. मुलानं सांगून टाकलं होतं, औंदा गिअर गेला तर गुऱ्हाळ मोडायचं आणि पुण्याला नोकरी धरायची. म्हणून मावशींनी निघताना गिअरची पूजा केली होती. तेलात कालवलेलं हळदीकुंकू, प्रत्येक दाताला एक बोट.

मामांनी फडकं उचललं.

"आवं फौजी, देवाचं पुसतासा व्हय?"

"मावशी, त्येल ऱ्हायलं तर आत ठिणग्या उडत्यात. तितंच दात कच्चा ऱ्हातो."

"आन् पुसलं म्हनून मोडला तर? माजा पोरगा जाईल की!"

मामांकडे मुरांब्यापासून सगळी उत्तरं होती, पण या वेळी हातातलं फडकं दातापाशीच अडखळलं. मग स्वतःचे हातमोजे काढून त्यांनी मावशींपुढे धरले. "तुमी लावलंय, तुमीच काडा."

मावशींनी देवाची माफी मागत एकेक दात पुसला. टाकी दिवसभर चालली. मुलगा घाई करू लागला, तर मामा म्हणाले, "गार हुईस्तवर दार उघडायचं न्हाई. तुजी आई पोळ्यांचं पीठ भिजायच्या आदीच तवा ठेवती काय रं?" दुसऱ्या दिवशी सकाळी राखाडी झालेला गिअर बाहेर आला, तेव्हा घरच्या देवघरातली हळदीकुंकवाची कोयरी मामा स्वतः घेऊन उभे होते. "आता लावा. आता बाधत न्हाई."

हंगाम अर्ध्यावर असताना मामा गेले. दोन दिवसांचं आजारपण. काय झालं ते मामींनाही नीट कळलं नाही.

मावशींना हे कुणी कळवलं नव्हतं. हंगाम संपल्यावर त्या गुळाची ढेप घेऊन आल्या आणि हार घातलेला फोटो बघून दारातच थांबल्या. मी तेव्हा साताऱ्याहून मामींना भेटायला आलो होतो. ढेप त्यांनी फोटोपुढे ठेवली, पदर सावरला आणि समोर माणूस बसल्यासारख्या बोलल्या, "फौजी, समदं दात जाग्यावर हायती. थोरला बी हाय."

आणि उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. मामा असते तर ते सहज तासभर बोलले असते. "बरं झालं, मावशी," एवढंच मला जमलं.