मार्चपर्यंतची ताई

शाळांमध्ये समाजकार्य करायचं म्हणून पोरी आमच्या जळगावच्या कॉलेजात येतात आणि मी त्यांना शिकवते. मुलांना बोलतं कसं करावं, आईबापाला कसं वळवावं, सगळं. सरकारी शाळेत या कामाला नेमणूकच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तरी दरवर्षी एकेकीला एकेका शाळेत सरावाला धाडते, मुलांची ताई म्हणून, मार्चपर्यंत.

गेल्या वर्षीची विद्यार्थिनी असोद्याच्या पुढच्या एका गावात जायची. पहिल्याच दिवशी हरखून आली. "मॅडम, सातवीतली एक मुलगी सगळं बोलली माझ्याशी." पुढच्या आठवड्यात मी सोबत गेले. मुलगी वेणी पुढे घेऊन बसली आणि सांगू लागली. बाप सुरतेला गेला तो आलाच नाही, आई कापूस वेचायला जाते, धाकटीला मीच सांभाळते. शब्द न् शब्द मी आदल्या वर्षी तिच्याच तोंडून ऐकला होता, दुसऱ्या ताईसमोर. ताईला लिहायला सवड मिळावी म्हणून ती मध्ये थांबायचीसुद्धा. मला तिथंच रडू आलं.

पण ही ताई चिवट निघाली. गावातली शाळा सातवीपर्यंतच, पुढे एसटीनं जावं लागतं. आईचा साफ नकार. ही आईबरोबर शेतात उभी राहून कापूस वेचत बोलत राहिली. शेवटी आई म्हणाली, "जूनमदे तुमी या, तुमच्या हातानं नाव टाका. मंग धाडते."

जूनमध्ये ताई साड्यांच्या दुकानात घड्या घालत होती. नवी नोकरी, सुट्टी मिळेना. फोनवर हुंदके देत होती. पोरीचं नाव घालायला तुम्ही जाल का, असं मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, दाखला दिला. आता ती आमची नाही." खोटं काय बोलले? मग मीच गेले, पण जुलै उजाडला होता. वरातीमागून घोडं. मायलेकी शेतात निंदत होत्या. आई म्हणाली, "लई वाट पाह्यली त्या ताईची. आता तिचा हात बसला कामाले." पोरीनं मान वर केली नाही.

यंदा पुन्हा एकीला त्याच शाळेत पाठवलं. ये रे माझ्या मागल्या. पहिल्या दिवशी मीही गेले होते. नव्या ताईसमोर त्या पोरीची धाकटी बहीण येऊन बसली, वेणी पुढे घेऊन.

"ताई, कुठून सांगू? बाप गेला तठून?"