भर दुपारची हळद

आता तुम्हीच सांगा, माणसानं भरवसा कुणावर ठेवावा? टीव्हीवर तावातावानं बोलणाऱ्या बाईवर, की घरात मुकाट भाकरी थापणाऱ्या बाईवर? मी पहिलीवर ठेवला. आणि काय सांगू, पोरीची हळद घालवली!

बोईसरला माझं किराण्याचं दुकान, घर तारापूरच्या वाटेवर, वीजकेंद्राच्या अलीकडे. कल्पनाची हळद तोंडावर आलेली आणि टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ एकच घोष : ‘सीमेवर युद्धाचे ढग दाटले!’

"संपलं!" मी जाहीर केलं. "लढाई लागली की दिवे बंद करायला लावतात, आणि वीजकेंद्रापायी पहिला अंधार आपल्याकडं. रोषणाई रद्द, बँड रद्द. हळद दुपारीच उरकू."

बायको म्हणाली, "अवो, ढग दाटले म्हंजे लढाई लागली नाय. लागंल असं दिसतंय, एवढंच."

"तुला काय कळतंय? एवढी शिकलेली माणसं असं उगाच बोलतात होय!" शाळा मी सातवीत सोडलेली, पण पेपर वाचून वाचून शहाणा झालो ना!

कल्पना रडकुंडीला आली. "बाबा, रातभर नाचायचं म्हणून वर्षभर वाट बघतेय मी!"

मी ऐकतोय कसला? बँडवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "शेठ, लढाई लागली तर आमी वाजवत नाय. पण नाय लागली तर?"

‘रद्द म्हंजे रद्द!’ म्हणून मी फोन ठेवला आणि दुकानात मेणबत्त्यांची खोकी रचली.

भर दुपारी हळद लावली. घामानं ती ओघळत होती, पाहुणे मांडवात पेंगत होते. नाचायचं कुणी आणि कशावर?

संध्याकाळी टीव्ही लावला. तीच बाई, आता हसून : ‘युद्धाचे ढग निवळले!’

निवळले? अहो, ढग निवळतातसुद्धा, हे आधी नको का सांगायला!

तेवढ्यात शेजारच्या आळीत ढोल कडाडला. दामूच्या मुलाची हळद. मी सोडलेली रोषणाई, मी सोडलेला बँड, दामूनं दोन्ही उचललं होतं! आमचे पाहुणे एकेक करून तिकडं पांगले. पण हळद लागलेली नवरी मांडवाबाहेर जात नाही. कल्पना खांबाला टेकून उभी. पाय मात्र ठेक्यावर हलत होते.

मला बघवेना. "नाच ना गं इथंच."

"कुणासंगं?"

मग काय, कंबरदुखी विसरून मीच नाचलो! रिकाम्या मांडवात, दामूच्या बँडवर.

 पोरगी डोळे पुसत म्हणाली, "बाबा, यापरीस अंधार बरा होता!"

हा किस्सा पुढं सांगाल, तर हिशोब तेवढा खरा ठेवा. पोरीची हळद लढाईनं बुडवली नाही, टीव्हीनंही नाही. बापानं बुडवली.