दादाच्या जीपचं उजवं चाक

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भद्रावतीच्या बसस्टँडवर चहा घेत होतो. पहिला विचार काय यावा? आता वहिनी कोणाशी भांडणार! खाणीतल्या नोकरीत दादाचे कान गेले होते, त्यामुळे नवराबायकोचं प्रेमाचं बोलणंही अख्ख्या आळीला ऐकू जायचं...

गडी महाहट्टी. जुन्या जीपला मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही. चाकाचं बेरिंगसुद्धा अंगणातच बदलायचा. पण बेरिंग झिजलं की चाक घूं घूं करतं, आणि नेमकं तेच त्याला ऐकू येईना. मग वहिनी शेजारी बसायची. मूल गावाच्या रस्त्यावर जंगलातली वळणं लागली की कान लावायची. डाव्या वळणावर आवाज वाढला, म्हणजे उजवं चाक. लगेच त्याच्या उजव्या गुडघ्यावर टिचकी! घरी येऊन दादा जॅक लावायचा, चाक उतरवायचा आणि घासलेटात धुतलेलं बेरिंग तिच्यापुढे धरून ओरडायचा, "पाह्य, झिजलंच हाये! बाई हायेस का मशीन?" वहिनी अशी काही लाजायची की विचारू नका.

तेरवी झाली तरी वहिनी रडली नव्हती. एका दुपारी मला म्हणाली, "भाऊजी, ते चाक बोलून राह्यलं. झोप नाई लागत मले."

"अवो वहिनी, जीप तर उभी हाये."

"तरी चालवून पाहा ना."

निघालो. माझे कान शाबूत आहेत, मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. डाव्या वळणावर मात्र तिचा हात उठला... शेजारी मी आहे हे पाहून तसाच मागे गेला.

दुसऱ्या दिवशी उजवं चाक उतरवलं. बेरिंग चांगलं गुळगुळीत, कुठे ओरखडाही नाही. तरी नवं आणलं. म्हटलं, तिच्या जिवाला तेवढीच शांती. तळहातावर ग्रीस घेऊन बेरिंगात भरताना दादा मागे उभा आहे असं सारखं वाटत होतं. वळूनही पाहिलं, खोटं कशाला सांगू.

पुन्हा तोच रस्ता. वहिनी डोळे मिटून बसलेली. वळणं आली, गेली.

"येते का आवाज?"

"नाई."

मी मूर्खासारखा खूश झालो. तेवढ्यात तिला असा हुंदका फुटला की जीप बाजूला घ्यावी लागली.

"काय झालं, वहिनी?"

"आवाज होता तोवर त्यायले सांगाचं बाकी होतं, भाऊजी... आता काईच बाकी नाई."