मोठा जेट

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे गाडी ओढते कशी, हे कुणी विचारायचं नाही. लिटरला किती देते, एवढंच. पेट्रोल वाचावं म्हणून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा जेट बारीक भोकाचा घालायचा, हा गावाचा धर्मच झाला होता.

मी तो पाळला नाही. रत्नागिरीच्या सड्यावर, कातळावरच्या आमच्या बागेतून आंब्याच्या पेट्या काढायला मी जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलची तीनचाकी केली होती. सिलिंडरमधली हवा-धुराची भोकं, म्हणजे पोर्ट, घासून मोठे केले, सायलेन्सर कापला. असं इंजिन जास्त पेट्रोल मागणारच. मी मोठा जेट घातला.

मे महिन्यात मुंबईहून थोरला भाऊ आला. धूर बघून म्हणाला, "मेल्या, गाडी चालवतोयस की भट्टी?" मी बागेत असताना त्याने गुपचूप बारीक जेट बसवला. सपाटीला गाडी मऊसूत पळाली आणि तो पेट्यांवर बसून मला अक्कल शिकवत राहिला. चढणीला भरल्या पेट्यांनी जोर मागितला, तसं पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं आणि जाम झालं.

मी स्पार्क प्लग खोलून त्याच्यापुढे धरला. कॉफीच्या रंगाचा असायला हवा, तो खडूसारखा पांढरा पडला होता.

"माझा जेट दे."

त्याने खिशातून काढून दिला. वर म्हणाला, "पण पेट्रोल किती पितो तो!"

इंजिन निवलं, तसा मी जेट बसवला आणि किक मारली. निळा धूर उसळला.

"दादा, धूर नको असेल तर चालत ये."

तो पेट्यांवर चढला. मी मूठ पूर्ण पिळली.