जोत्यातल्या जाळ्या

ज्ञानूआबा गवंडी कुठल्याही जुन्या इमारतीत शिरले की आधी चपला काढायचे आणि मग सरळ जमिनीवर उताणे पडायचे. सांगलीच्या मेथॉडिस्ट हॉलमध्ये दुरुस्तीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी तेच केलं. दोन बाकांच्या मधे, छातीवर हात ठेवून. म्हातारा चक्कर येऊन पडला असं वाटून पाळकसाहेब धावत आले. आबा पडल्यापडल्या म्हणाले, "थांबा सायेब. छप्पर काय म्हनतंय ते ऐकतोय." मला तिथंच त्यांचा राग आला.

राग कसला, हेवा. सरळच सांगते. जुन्या वास्तू जपणं हा माझा पेशा, आणि हा हॉल माझा होता. संरक्षित वास्तूंच्या यादीत तो यावा म्हणून साताऱ्याहून खेटे घातले मी, त्याचा इंच न् इंच मोजला मी. काळ्या दगडाच्या भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, तिन्ही बाजूंनी सज्जा, आणि एवढ्या रुंद जागेत मधे एकही खांब नाही. छपराचा सगळा भार सागवानी कैच्यांच्या तिकोनी सांगाड्यांवर. उपदेश करणारा शेवटच्या बाकावरूनही दिसला पाहिजे, म्हणून बांधणाऱ्यांनी हे केलं, असं मी कितीतरी व्याख्यानांत सांगत आले होते. आणि उंब्रजचा हा सहावी शिकलेला गवंडी दहा मिनिटं आडवा पडतो आणि कपडे झटकत म्हणतो, "वर समदं झ्याक हाय म्याडम. दुखनं खाली हाय."

लाकडी जमीन पायाखाली दबत होती, हे खरं. मी अहवालात वाळवी लिहून मोकळी झाले होते.

मग रोज तेच. मी नकाशा उलगडला की सगळे माना डोलवायचे आणि हळूच आबांकडं बघायचे. चहा आला की पाळकसाहेब पहिला कप आबांना द्यायचे. आबा दगडांमधल्या दर्जांमध्ये भरायचा चुना दिवसचे दिवस मळत ठेवायचे, कुणी घाई केली की म्हणायचे, "सिमिटाला लगीनघाई. चुन्याला नांदू द्या जरा." एकदा मी वैतागून म्हटलं, "आबा, हे सगळं पुस्तकात आहे."

"आसंल की. म्या वाचलं न्हाई, म्हनून हातानं करतोय."



आठवड्याभरानं फळ्या उचलल्या. खालच्या तुळया कुजून भुगा झाल्या होत्या. आबा बाहेर गेले, जोत्याच्या दगडांवर हातोडीनं टकटक करत हॉलला फेरी मारली आणि एका जागी उकिडवे बसले. "हितं लोखंडी जाळ्या हुत्या, फळ्यांखाली वारं खेळायला. ह्या कुनी बुजवल्या?"

बुजवल्या होत्या मी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका महापुरानंतर, नवीन नवीन असताना, कृष्णेचं पाणी पुन्हा आत शिरू नये म्हणून विटा लावून वर सिमेंट फासलं होतं. आणि ते ओलं असताना मोठ्या कौतुकानं बोटानं माझी आद्याक्षरं काढली होती. आबांनी ती वाचली. माझ्याकडं बघितलं. "पानी येनारच म्याडम, नदीकाठ हाय. आल्यावर त्याला भायेर जायाला वाट नको?"

तेवढ्यात हॉलच्या ट्रस्टचे सेक्रेटरी आले. "कुणाचा हा प्रताप?" माझं नाव निघालं असतं तर हॉल त्याच दिवशी माझ्या हातून गेला असता. आबांनी छिन्नी अक्षरांवर ठेवली आणि दोन घाव घातले. "जुनं काम हाय सायेब. कोन सांगनार?"

मी उपकार मानायला हवे होते. मी जळफळत होते. हॉलचं दुखणं यानं ओळखायचं, आणि माझी लाजही यानंच झाकायची? सरकारी कचेरीला दिलेल्या शेवटच्या अहवालात मी जाळ्यांचं सगळं शास्त्र सविस्तर लिहिलं. खाली माझी सही. आबांचं नाव कुठंही नाही. हॉलची वाहवा झाली, आबा निरोप घेऊन गेले. मी त्यांना पोचवायला फाटकापर्यंतही गेले नाही.

यंदा आबा वारल्याचं कळलं, तेव्हा मी उंब्रजला गेले. त्यांच्या बायकोनं मला आत नेऊन बसवलं. आल्यागेल्याला सांगायला लागल्या, "सांगलीचा हॉल वाचवला त्या म्याडम ह्याच."

मला ते ऐकवेना. बाकीची माणसं उठल्यावर म्हटलं, "काकू, तो हॉल मीच बिघडवला होता."

"ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "त्या रविवारी घरी आल्यावर जेवताना सांगितलं हुतं ह्यांनी. म्हनले, आपन दोन म्हयन्यांनी निघून जानार, हॉल सांभाळायचा त्या बाईलाच हाय. तिचा जीव हाय त्याच्यावर. तिलाच काडून टाकली तर बगनार कोन?"

साताऱ्याला आल्यावर मी सरकारी कचेरीला पुरवणी पत्र लिहायला बसले. "जोत्यातल्या जाळ्या बुजवण्याचा निर्णय माझा होता." हे वाक्य एका दमात उतरलं. पुढचं होतं, "दोष ओळखला तो ज्ञानदेव गवंडी, उंब्रज, यांनी." तिथं मात्र हात अडला. माणूस गेला, तरी अडला. दोनदा कागद बाजूला सारला, आणि मग त्यांचं नाव लिहिलं.