ठासणीची बंदूक आणि फुसका बार

मंडळी, अजून डोकं तापलंय!

शेजारचे जॉनकाका आज मला हरणाच्या शिकारीला घेऊन गेले. पेनसिल्व्हेनियात सध्या फक्त गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या, ठासणीच्या बंदुकीचा सीझन आहे. बार एकच, तो हुकला की हरीण सुटलं.

तीन तास बर्फात बसल्यावर हरीण आलं. काकांनी चाप ओढला. दारू दमट झालेली, नुसतंच फुस्स! हरीण निवांत चालायला लागलं.

तेवढ्यात मागून धाड! दुर्बीणवाली मॉडर्न रायफल घेऊन एक पठ्ठ्या हसत आला. "आजोबा, तुमची बंदूक म्युझियमला द्या!"

मी भडकलो, "अरे, रूल्स आहेत ना!" त्याने खांदे उडवले.

काका पडलेल्या हरणाकडे बघत एवढंच म्हणाले, "ते जिंकलं होतं रे."

आता सांगा, फुसका बार नक्की कुणाचा?