जनरल शिफ्टचं भूत

रुआबांध्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंना त्यांची मुलगी अमेरिकेतून जाडजूड कादंबऱ्या पाठवते. तिकडच्या दक्षिणेतलं एखादं लहानसं गाव, केकचं दुकान, एक खून आणि खुनी शोधून देणारं भलं भूत. काकू वाचतात इंग्रजीत आणि सांगतात आमच्या ओट्यावर, आईसोबत भाजी निवडता निवडता. सांगताना त्या गावाचं आमच्या जवळचं अहिवारा होतं आणि भूत फक्त दिवसाच येतं.

"रातच्याले कावून येत नाही?" मी एकदा विचारलं.

"मले भेव लागते ना बाप्पा! म्हणून त्याले जनरल शिफ्ट देल्ली."

बाबा गेल्यापासून आई या गोष्टींना नुसतं हूं म्हणायची. परवा मात्र काकूंचं भूत केकच्या दुकानात शिरलं, चहाचा घोट घेतला आणि दुकानवालीला म्हणालं, "साखर संपली का वं?"

हे बाबांचं रोजचं वाक्य. आई इतकी हसली की मांडीवरची मेथी सांडली.

"सांगा त्यायले, डॉक्टरनं मना केलं होतं!"

मी ती कादंबरी मागून आणून पूर्ण वाचली. त्यातलं भूत एक शब्दही बोलत नाही.